समुद्रतळीची वने

समुद्र म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लाटा, गलबते आणि मासे उभे राहतात. शैवालांची आठवण क्वचितच होते. ओहोटीच्या वेळी कोकणच्या खडकांवर दिसणारी ती हिरवी, तांबडी, तपकिरी झालर पायाखाली निसरडी लागते, एवढाच काय तो आपला तिच्याशी संबंध! वस्तुतः समुद्रशैवाले ही सागरातील कुरणे व अरण्ये होत. असंख्य मासे, शंख व खेकडे यांना त्यांच्यापासूनच अन्न आणि आसरा मिळतो.

ही अरण्ये आज दुहेरी संकटात आहेत. कोळसा व खनिज तेल जाळल्याने आपण जो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत सोडतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. पाण्यात मिसळून त्याचे सौम्य आम्ल बनते. यंत्रयुगाच्या आरंभापासून आजवर समुद्राच्या वरच्या थराचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर उतरला आहे. हा फरक दिसावयास क्षुल्लक. परंतु सामू मोजण्याची रीतच अशी आहे की, एवढ्या उताराने पाण्याची आम्लता सुमारे २६ टक्क्यांनी वाढते. शिवाय हाच वायू हवेतील उष्णता अडवून धरतो व त्यामुळे समुद्रही तापत चालला आहे.

यावर काही जण म्हणतात, “हा वायू तर शैवालांचे अन्नच आहे. तो वाढला की शैवाले अधिक जोमाने वाढतील. मग चिंता कशाची?” हा युक्तिवाद वरवर पाहता सयुक्तिक वाटतो, परंतु तो अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य हे असत्याहून अधिक फसवे असते.

इटलीतील नेपल्स शहराजवळ इस्किया नावाचे ज्वालामुखीय बेट आहे. तेथील एका किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्रतळातून या वायूचे बुडबुडे सतत वर येतात. तेथील पाणी तापलेले नाही. म्हणून केवळ आम्लतेचा परिणाम काय होतो, हे तेथे स्वच्छ पाहावयास मिळते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, बुडबुड्यांच्या निकट, जेथे आम्लता अधिक आहे, तेथे अंगावर चुन्याचे कवच धारण करणारी गुलाबी शैवाले नाहीशी होतात. सार्गासमसारखी काही तपकिरी शैवाले मात्र तेथे चांगली वाढतात. म्हणजे एकाच पाण्यात काहींची भरभराट, तर काहींचा नाश! आणि ज्यांचा नाश होतो, ती काही निरुपयोगी नव्हेत. चुन्याची शैवाले प्रवाळखडकांचे तुकडे सांधून ठेवतात. प्रवाळांची पिले त्यांच्यावरच येऊन स्थिरावतात. गवंडीच गेला, तर घर कोण सांधणार?

उष्णतेची कथा याहून कठोर आहे. केल्प नावाची मोठी तपकिरी शैवाले थंड पाण्यात वाढतात. पाणी प्रमाणाबाहेर तापले की त्यांचा श्वसनाचा खर्च प्रकाशसंश्लेषणाच्या मिळकतीहून अधिक होतो, आणि जमेपेक्षा खर्च वाढलेल्या संसाराप्रमाणे ती खंगत जातात. २०११ साली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राचे तापमान नेहमीपेक्षा दोन अंशांहून अधिक वाढले आणि कित्येक आठवडे तसेच राहिले. परिणामी सुमारे १०० किलोमीटर किनाऱ्यालगतची केल्पची वने नष्ट झाली. पुढे पाणी निवले, तरी ती परतली नाहीत. कारण मोकळ्या जागी खुरटी शैवाले पसरली आणि उष्ण प्रदेशातून आलेले मासे कोवळे कोंब खाऊ लागले. पाण्यात अन्न कितीही असो, जीवच तग धरीना, तर त्या अन्नाचा उपयोग काय?

शैवालांची शेती अवश्य करावी. तीतून किनाऱ्यावरील माणसांना रोजगार मिळतो. परंतु शैवाले आपला सारा धूर गिळून टाकतील व सुंठीवाचून खोकला जाईल, ही आशा व्यर्थ आहे. कारण समुद्राचे वैभव शैवालांच्या राशीत नसून त्यांच्या विविधतेत आहे. चार जाती माजल्या आणि चाळीस लोपल्या, तर त्याला समृद्धी म्हणता येत नाही. म्हणून धूर कमी करणे, हाच खरा उपाय होय. समुद्र आपले ओझे मुकाट्याने वाहतो; परंतु मुकाट्याने वाहणाऱ्यावर आणखी भार लादणे माणुसकीला शोभत नाही.