वसईचा दुसरा धडा

वसईच्या किल्ल्यात जाणाऱ्या प्रत्येकाचे मस्तक चिमाजीअप्पांच्या स्मृतीपुढे लवते, आमचेही लवते. परंतु तेवढ्यावरच माघारी फिरणे आम्हांस उचित वाटत नाही. वसई ज्याच्या हाती, खाडीचे मुख त्याच्या हाती. म्हणूनच १५३४ साली पोर्तुगीजांनी ती गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळविली, १७३९ च्या मे महिन्यात मराठ्यांनी रक्त सांडून जिंकली आणि १७८० साली इंग्रज सेनापती गॉडर्डने घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती परत आली खरी. पण होळकरांकडून पराभूत होऊन पुण्याहून पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. अगणित वीरांनी प्राण वेचून मिळविलेल्या भूमीवर अवघ्या ६३ वर्षांत स्वातंत्र्य गहाण पडले, ते परक्यांच्या तोफांमुळे नव्हे, घरच्या भाऊबंदकीमुळे! तेथील भग्न चर्च, तट आणि बुरूज ही या एकाच ग्रंथाची पाने होत. त्यांतील सोयीचे पान तेवढे वाचणे म्हणजे इतिहासाचा अभ्यास नव्हे. १७३९ ला हार अवश्य घालावा. धडा मात्र १८०२ चा घ्यावा.