कहरुबाचा मणी आणि पेट्रोलचा बोळा

काही घरांत दादीजानच्या तसबीहचे मणी पिवळसर आणि अगदी हलके असतात. तो कहरुबा, झाडाचा लाखो वर्षे जुना, घट्ट झालेला चीक. शब्द फारसी: काह म्हणजे वाळकी काडी, रुबा म्हणजे ओढून घेणारा. लोकरीवर घासला की तो खरोखर काडी ओढतो. अरबीत विजेला कहरबा म्हणतात ते यावरूनच. ‘इलेक्ट्रिक’ हा शब्दही त्याच्याच ग्रीक नावावरून आला. (काडी ओढली म्हणून मणी अस्सल समजून पैसे मोजू नका. प्लॅस्टिकचा मणीही ओढतो.)

दोन वेगळे पदार्थ नुसते टेकले तरी एकातले काही इलेक्ट्रॉन दुसऱ्यात जातात. घासल्याने जास्त जागा टेकते, भार वाढतो. लोकर आणि केस इलेक्ट्रॉन सहज सोडतात, पॉलिएस्टर ते घेऊन बसते. सुती कापड ओलावा धरते, म्हणून त्यावर भार फारसा साठत नाही.

पावसाळ्यात दमट हवेमुळे हा भार निघून जातो. आपल्या नागपूरच्या हिवाळ्यात मात्र हवा कोरडी. रात्री ब्लँकेट ओढले की चटचट आवाज, अंधारात ठिणग्या. कुणी याला ‘असर’ समजून घाबरते, असे आमच्या विद्यार्थिनी सांगतात. असर नाही, पॉलिएस्टर आहे. बोटाला झटका जाणवला तर अंगावर निदान 2000 ते 3000 व्होल्ट असतात. घरच्या सॉकेटात 230. तरी भार इतका थोडा की इजा होत नाही.

काळजी आहे ती लग्नसराईची. शेरवानीवर, शराऱ्यावर डाग पडतो आणि घरच्या घरी पेट्रोलच्या बोळ्याने तो घासला जातो, तोही दार लावून. पेट्रोलची वाफ पेटायला 1 मिलिज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा पुरते. अंगावरून उडालेल्या ठिणगीत त्याहून कितीतरी जास्त असू शकते. गॅस बंद केला, काडेपेटी दूर ठेवली, एवढ्याने भागत नाही. इथे घासणे हीच काडी. कपडा ड्रायक्लीनिंगला द्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल आणणेही नको. प्लॅस्टिकवरचा भार जमिनीत उतरत नाही. अशा ज्वालाग्राही पदार्थांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे.

मुलांना गंमत दाखवायची तर प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांतून दहा-बारा वेळा फिरवून नळाच्या बारीक धारेजवळ न्या. धार कंगव्याकडे वळते. केसांना तेल मात्र नको.