घर आपले झाले, पण दारावर कोण बसणार?



गेल्या रविवारी विहारात वंदना झाली, चहा झाला आणि चार-पाच तरुण मुलेमुली आमच्याभोवती जमली. एकाच्या हातात वही होती. "काका, मॅस्टोडॉनवर आपल्या लोकांसाठी आपला स्वतःचा सर्व्हर काढू या. खर्च वर्गणीतून निघेल. तुम्ही बी.कॉम. आहात, हिशेब तुम्ही बघा." आम्ही पडलो कारकून. आकडे तपासले, बेरीज बरोबर होती. मग विचारले, "बाळांनो, एक रकाना राहिलाय. रात्री अकरा वाजता कुणी कुणाला शिवी दिली, तर बघणार कोण?" पोरे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. तो रकाना भरण्यासाठी आजचा हा लेख.

हा प्रश्न आम्हाला सुचला, कारण त्यात आम्ही स्वतः नापास झालो आहोत. जयंतीच्या वर्गणीसाठी आमच्या वस्तीचा व्हॉट्सॲप गट होता. ॲडमिन आम्हीच. नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीने त्यावर लिहिले, "यंदा डीजेचा खर्च कमी करा आणि अभ्यासिकेला पंखे घ्या." एवढेच. तासाभरात आपल्याच पोरांनी तिला नको नको ते सुनावले. गटात नंबर सगळ्यांना दिसत होता, म्हणून रात्री तिला फोनही गेले. आम्ही सारे वाचले आणि मनाशी म्हटले, "आपलीच पोरे आहेत, उद्या बोलू." तो उद्या उजाडलाच नाही. मुलगी गटातून गेली. मागून तिची आई गेली आणि हळूहळू बऱ्याच बाया गेल्या. गट अजून आहे. त्यात सकाळी फुलांची चित्रे येतात. पंखे मात्र आले नाहीत.

दोष फोनचा नव्हता. राखणदार झोपला होता आणि तो राखणदार आम्ही होतो.

आता मॅस्टोडॉन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. २०१६ साली जर्मनीतील युजेन रोख्को या तरुणाने बनवलेले हे मोफत सॉफ्टवेअर आहे. फेसबुकचा वाडा एकाच मालकाचा. इथे अनेक चाळी आहेत, प्रत्येक चाळीची आपली कमिटी, आपले नियम. तरी या चाळीतला माणूस त्या चाळीतल्या माणसाशी बोलू शकतो, कारण सगळ्यांची बोली एक. त्या बोलीला ॲक्टिव्हिटीपब म्हणतात आणि वेबचे मानदंड ठरवणाऱ्या संस्थेने तिला २०१८ साली मान्यता दिली. चाळ म्हणजे सर्व्हर, कमिटी म्हणजे मॉडरेटर. कमिटी चांगली तर चाळ चांगली.

आपल्या देशात या नावाचा गाजावाजा झाला नोव्हेंबर २०१९ मध्ये. ट्विटरने सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते बंद केले, पत्रकार दिलीप मंडल यांच्या खात्यावर बंधने घातली. निळी खूण कुणाला मिळते आणि कुणाला मिळत नाही, यातही जात दिसते, असा आरोप बहुजन तरुणांनी उघडपणे केला. त्या आठवड्यात हजारो भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली. पण बरेचसे लोक लवकरच परत फिरले. नवी जागा मिळाली होती, पण तिथे आपले घर कुणी बांधले नव्हते.

घर स्वतःचे असावे ही शिकवण आपल्याला नवी नाही. दुसऱ्यांच्या पत्रांत आपल्या दुःखाला जागा नव्हती, म्हणून बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. म्हणून पोरांची इच्छा योग्यच आहे. पण पत्र काढले की संपादक लागतो. काय छापायचे, काय नाही, हे कुणीतरी जबाबदारीने ठरवावे लागते. सर्व्हरचेही तसेच आहे.

कुणी म्हणेल, तिथे आधीच चांगल्या चाळी आहेत, त्यांतच राहू. राहावे, हरकत नाही. पण २०२२ चा अनुभव लक्षात ठेवावा. त्या ऑक्टोबरात इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतले आणि लाखो लोक मॅस्टोडॉनवर आले. त्यांत अमेरिकेतील काळे बांधवही होते. त्यांनी आपल्यावरच्या वर्णद्वेषाबद्दल लिहिले, तेव्हा जुन्या रहिवाशांपैकी काहींनी त्यांना सुचवले की, असा मजकूर इशाऱ्याच्या पडद्याआड झाका, वाचणाऱ्यांना त्रास होतो. बोलणाऱ्यांच्या भाषेत शिवी नव्हती, सूर गोड होता. पण ज्याला मार बसला त्यालाच "हळू बोल" म्हणणे, हा मैत्रीचा कोणता प्रकार? आपल्याला हे ओळखीचे आहे. "जातीचा विषय कशाला काढता, वातावरण बिघडते," असे कचेरीत आम्ही वर्षानुवर्षे ऐकले आहे.

म्हणून आमचे मत असे की, जागा मैत्रीची आहे की नाही, हे तिथल्या सर्वांत दबलेल्या माणसाला विचारावे. त्याला मोकळे बोलता येत असेल तर ती मैत्री. बाकीची नुसती शांतता.

आता कामाचे बोलू. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत नाव हवे असेल, तर सर्व्हरला काही अटी पाळाव्या लागतात. वर्णद्वेष, स्त्रीद्वेष, समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींचा द्वेष यांवर प्रत्यक्ष कारवाई हवी. रोजची प्रत जपून ठेवायला हवी. चाव्या एकट्याकडे नकोत, अडचणीला धावणारा दुसरा माणूस हवा. बंद करायचे झाल्यास तीन महिने आधी सांगायला हवे. या अटी शहाणपणाच्या आहेत. पण त्या द्वेषांच्या यादीत जातीचे नाव नाही. ते आपण आपल्या नियमांत लिहावे, ठळक आणि मराठीत. जातीचे नाव शिवी म्हणून वापरणे, आरक्षणावरून टोमणा मारणे, पोटजातीवरून हिणवणे, हे परदेशातल्या मॉडरेटरला कळणार नाही. आपल्याला कळते.

नियम थोडेच असावेत, सात-आठ. प्रवेश अर्जाने द्यावा, तशी सोय सॉफ्टवेअरमध्येच आहे. मॉडरेटर किमान तीन असावेत, त्यांत किमान एक स्त्री हवी आणि तिघे एका घरातले किंवा एका मंडळातले नकोत. पाळ्या लावाव्यात. मॉडरेटरच्या भावाविरुद्ध तक्रार आली तर ती दुसऱ्याने बघावी. शिक्षाही पायरीपायरीने हवी. आधी समज द्यावी, मग मजकूर काढावा, मग त्याचा आवाज मर्यादित करावा आणि शेवटी खाते बंद करावे. ज्याच्यावर कारवाई झाली त्याला दाद मागता यावी. पण जिवाची धमकी किंवा बाईची बदनामी असेल तर पायऱ्या मोजत बसू नये. मजकूर काढण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवावा, कायद्याकडे जायची वेळ आली तर तोच पुरावा.

शेजारच्या चाळीतून घाण येत असेल, तर तिच्याशी संबंध तोडता येतात. २०१९ साली गॅब नावाच्या द्वेष पसरवणाऱ्या संकेतस्थळाने हेच मोफत सॉफ्टवेअर घेतले. त्यांना कुणी रोखू शकले नाही, पण बहुतेक सर्व्हरांनी त्यांच्यासाठी दारे बंद केली. दार बंद करणे म्हणजे कुणाचे तोंड बंद करणे नव्हे.

आणखी एक गोष्ट लपवू नये. मॅस्टोडॉनवरचे खाजगी निरोप सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येऊ शकतात. हे पहिल्याच दिवशी सर्वांना सांगावे. फोन नंबर मात्र कुणाला दिसत नाही, हा मुलींसाठी मोठा दिलासा आहे. जमाखर्च दर महिन्याला जाहीर करावा. आणि राखणदारालाही विश्रांती द्यावी. मॅस्टोडॉन डॉट लोल हा हजारो लोकांचा सर्व्हर २०२३ साली बंद झाला, कारण रोजच्या भांडणांनी आणि द्वेषाने चालवणारा माणूस थकून गेला होता.

कोसंबीची गोष्ट आपल्या घरांत माहीत आहे. शौचगृहातल्या भांड्यात उरलेल्या पाण्यावरून दोन भिक्खू भांडले आणि सारा संघ दुभंगला. भगवंतांनी समजावले, कुणी ऐकले नाही, तेव्हा ते तिथून निघून गेले. मग गावच्या उपासकांनी भिक्षा देणे थांबवले आणि भिक्खू ताळ्यावर आले. विनयाचे बहुतेक नियम असेच, काहीतरी घडल्यावर झाले आहेत. नियम आकाशातून पडत नाहीत, चुकांतून येतात. मात्र चूक झाली हे आधी कबूल करावे लागते.

म्हणून परवा आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. आता ती नोकरी करते, रात्रपाळी करून आली होती. आम्ही माफी मागितली आणि मॉडरेटर होशील का असे विचारले. तिने चहा दिला. म्हणाली, "काका, आधी नियम लिहून आणा. मी वाचते, मग सांगते."

वही आता आमच्याकडे आहे. येत्या रविवारी विहारात बसून नियम लिहायचे आहेत. ज्या भगिनी गटातून गेल्या, त्यांनी आवर्जून यावे. पहिला नियम त्यांना विचारून लिहू.

तूर्त इतकेच. जय भीम!