पन्नाशीच्या अलीकडच्या गाड्यांचं कोण ऐकणार?

महिन्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी आम्ही दहा-पंधरा जण मिरामारला जमतो. आमच्याबरोबर आमच्या गाड्याही असतात. कुणाची ॲम्बॅसॅडर, कुणाची जीप, कुणाची पहिल्या काही वर्षांतली मारुती ८००, एकाची काँटेसा आणि माझी, म्हणजे खरं तर बाबांची, १९८७ची प्रीमियर पद्मिनी. शर्यत नाही, बक्षीस नाही. बॉनेट उघडायची, एकमेकांच्या इंजिनात डोकवायचं, चहा-भजी खायची आणि उन्हं चढायच्या आत घरी परतायचं. बायको याला ‘म्हाताऱ्यांचा मेळावा’ म्हणते. गाड्यांबद्दल म्हणते की माणसांबद्दल, हे मी अजून विचारलेलं नाही.

पण मंडळी, गेल्या खेपेला चहा थंड होईपर्यंत जी चर्चा झाली ती इंजिनाची नव्हती, पैशांची होती. पंधरा वर्षं उलटलेल्या खाजगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. त्याची फी पूर्वी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२पासून ती ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,०००. जुनी, धूर ओकणारी वाहनं रस्त्यावरून कमी व्हावीत हा त्यामागचा हेतू आहे आणि तो मला मान्यही आहे. पण महिन्याला शंभर किलोमीटरसुद्धा न धावणारी, दर रविवारी पुसूनपासून ठेवलेली गाडी आणि रोज ओव्हरलोड होऊन धावणारी गाडी यांना एकच फूटपट्टी का, हे कुणी कुणाला विचारायचं?

आता तुम्ही म्हणाल, सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केलेत की! केलेत, आणि ते एकंदरीत चांगले आहेत. जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन ‘व्हिंटेज’ वाहनांची वेगळी नोंदणी आली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. जुना नंबर असेल तर तो ठेवायची मुभा. गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला न्यावी, पण रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरू नये. सगळं ठीक. फक्त एक अट आहे, गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी. जुन्या वाहनांच्या संस्थांचा जागतिक महासंघ म्हणजे ‘फिव्हा’. १९६६ साली स्थापन झालेला. त्याच्या व्याख्येत तीस वर्षांची, मूळ रूपात जपलेली आणि रोजच्या वापरात नसलेली गाडी ऐतिहासिक ठरते. आपल्याकडे पन्नास. माझी पद्मिनी २०३७ साली पन्नाशीला पोचेल. १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली पहिली मारुतीसुद्धा २०३३च्या आधी ‘व्हिंटेज’ होणार नाही. तोवर कागदोपत्री ही नुसती जुनी वाहनं. म्हणजे भारतातल्या मध्यमवर्गाने ज्या गाड्या पहिल्यांदा स्वतःच्या म्हणून दारात उभ्या केल्या, नेमक्या त्याच नियमाच्या फटीत सापडल्या आहेत.

पन्नासचा आकडा मुळात आला कसा, यात मला फारसा रस नाही. माझा प्रश्न वेगळाच आहे. या नियमांचा मसुदा नोव्हेंबर २०२०मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि तीस दिवसांत हरकती-सूचना मागवल्या होत्या. त्या तीस दिवसांत आम्ही काय करत होतो? काहीच नाही. आम्हाला मसुदा निघाल्याचं कळलंच नाही. कळलं तेव्हा राजपत्रात नियम छापून आला होता. मग आमच्यातल्या एका उत्साही सभासदाने दोन पानी पत्र लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही.

उत्तर का आलं नाही, हे मी सांगू शकतो. कारण मी टेबलाच्या पलीकडे बसतो. वेगळ्या खात्यात, पण टेबल सगळीकडे सारखंच. एकट्या माणसाचं पत्र येतं तेव्हा आवक नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो, साहेबांच्या बारीक अक्षरातला ‘पाहिले’ असा शेरा मिळतो आणि ते दप्तरी दाखल होतं. यात कुणाचा दुष्टावा नसतो. हा माणूस किती जणांच्या वतीने बोलतोय, त्याने दिलेले आकडे कुठून आले, उद्या बैठकीला बोलवायचं तर कुणाला, हे टिपणात लिहिता येत नाही. टिपणात लिहिता येत नाही ते फाईलवर सरकत नाही. तेच पत्र चारशे क्लबांच्या महासंघाच्या लेटरहेडवर, सोबत तक्ता जोडून आलं, तर कारकुनाला टिपण लिहावंच लागतं आणि साहेबांना त्यावर मत द्यावं लागतं. मत कदाचित विरुद्धही जाईल. पण ते कागदावर येतं, आणि कागदावर आलेल्या मताशी भांडता येतं. मी स्वतः अशी कितीतरी एकटी पत्रं दप्तरी दाखल केली आहेत, म्हणून हे ठामपणे सांगतो.

मोटार शर्यतवाल्यांचं पाहा. त्यांचा एफ.एम.एस.सी.आय. हा महासंघ आहे. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची त्याला मान्यता आहे, जागतिक संघटनेचं सभासदत्व आहे. परवाना कुणाला द्यायचा, रॅलीत सुरक्षेची व्यवस्था काय हवी, हे ठरवणारं एक ठिकाण आहे. विम्याचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. २००२च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये व्हिंटेज मोटारींना स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २५ टक्के सूट होती. अट अशी, की गाडी १९४० संपण्यापूर्वी बनलेली हवी आणि तिला मुंबईच्या ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’चा दाखला हवा. मान्यताप्राप्त ऑटोमोबाईल असोसिएशनच्या सभासदांनाही त्यात छोटीशी सवलत होती. म्हणजे संस्था होती म्हणून सरकारी कागदावर तिच्या नावाची ओळ आली. पद्मिनीवाल्यांची संस्था नव्हती, म्हणून ओळ नाही.

ब्रिटनमध्ये हे काम १९८८पासून ‘फेडरेशन ऑफ ब्रिटिश हिस्टॉरिक व्हेइकल क्लब्ज’ करतं. पाचशेहून जास्त क्लब त्याचे सभासद आहेत. त्यांत राजेशाही रोल्सवाले आहेत तसे मॉरिस मायनरवालेही आहेत. हा महासंघ स्वतः शर्यती भरवत नाही. तो मसुदे वाचतो, आकडे गोळा करतो आणि मंत्रालयाशी बोलतो. २०२०च्या त्यांच्या पाहणीत जुन्या वाहनांच्या छंदातून तिथल्या अर्थव्यवस्थेत वर्षाला ७.२ अब्ज पौंडांची उलाढाल होते असं निघालं. यात फिटर आले, रंगारी आले, सीटं शिवणारे आले. असा आकडा हातात असला की ‘चार श्रीमंतांचा शौक’ म्हणून कुणाला सहज झटकता येत नाही. आपल्याकडेही आधी हीच मोजणी हवी. म्हापशात पद्मिनीचं डेन्टिंग अजून हाताने करणारा फिटर आणि त्याच्या हाताखाली शिकणारा पोरगा, हेसुद्धा त्या हिशेबात धरायला हवेत.

सध्याचा ताजा विषय म्हणजे पेट्रोलमधलं इथेनॉल. फेब्रुवारी २०२३मध्ये वीस टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली आणि २०२५पर्यंत ते देशभर पोचलं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. जुन्या गाड्यांतलं रबर आणि काही धातू त्याच्यासाठी बनवलेले नाहीत. कार्ब्युरेटरची गाडी मिश्रणाचं प्रमाण आपोआप बदलून घेत नाही, हेही खरं. गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीची पेट्रोलची नळी मऊ पडून गळायला लागली. इथेनॉलने की वयाने? फिटर म्हणाला इथेनॉल, दुसरा म्हणाला नळीच हलकी होती. दोघंही अंदाजाने बोलत होते, आणि मी दोघांचंही ऐकून नळी बदलली. ब्रिटनच्या महासंघाने इथेनॉलपासून संरक्षण देणाऱ्या रसायनांच्या चाचण्या करून घेतल्या आणि कुठलं चालतं ते सभासदांना सांगितलं. तिथे सप्टेंबर २०२१मध्ये दहा टक्क्यांचं पेट्रोल आलं तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचं महागडं पेट्रोलही पंपावर ठेवलं गेलं. आपल्याकडे इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी जनहित याचिका सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. ऊस उत्पादकांचं हित आहे, परकीय चलन वाचतं, हे मी नाकारत नाही. पण जुन्या गाड्यांच्या नळ्या, गॅस्केटं, टाक्या यांवर काय परिणाम होतो याचा चाचणी-अहवाल घेऊन कुणी सरकारदरबारी बसलं, तर निदान जिल्ह्यात एखाद्या पंपावर वेगळं पेट्रोल मिळावं एवढी मागणी तरी करता येईल.

यावर आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. ‘भारत’ किंवा ‘इंडिया’ नावात असलेल्या संस्था आहेतच की. आहेत, आणि त्यांनी मोठं काम केलंय. दिल्लीतली स्टेट्समन रॅली १९६४पासूनची. जानेवारी २०२३मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या मोटारींचा जो सोहळा झाला तो पाहून तिथली मराठी मंडळी हरखून गेली होती. पण राजवाड्याच्या हिरवळीवर जी गाडी उभी राहते तिची काळजी घ्यायला मालक समर्थ आहे, आणि ती बहुधा पन्नाशीच्या पलीकडची असते. माझ्या डोळ्यांसमोर आहे तो क्लबांचा महासंघ. बेळगावचा वीस जीपवाल्यांचा क्लब आणि मुंबईचा पाचशे सभासदांचा क्लब, दोघांनाही त्यात मत हवं.

दुसरा आक्षेप : महासंघ झाला की खुर्चीची भांडणं आलीच. अहो, मराठी वाचकाला हे कुणी शिकवायचं? १९६१पासून अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ आहे. त्यातली भांडणं आपण दरवर्षी चवीने वाचतो. पण हैदराबादच्या, गुलबर्ग्याच्या, भोपाळच्या लहान संस्थांना पुण्या-मुंबईच्या बरोबरीने एका टेबलाशी बसायला मिळालं ते महामंडळामुळेच. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याची किंमत जास्त कळते. भांडणासाठी का होईना, एक टेबल लागतं.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी हळहळून लिहिलं. मीही ते वाचून डोळे पुसले. पण हळहळीची फाईल होत नाही. म्हणून पुढच्या रविवारी मी चहाच्या आधी तीन गोष्टी मांडणार आहे. आपल्या क्लबची रीतसर नोंदणी करायची. प्रत्येक गाडीचं साल, वर्षाचे किलोमीटर आणि दुरुस्तीचा खर्च एका वहीत लिहायचा. आणि कोल्हापूर, बेळगाव, पुण्याच्या क्लबांना पत्र टाकायचं, की एकत्र येऊन तीस वर्षांच्या व्याख्येसाठी एक निवेदन तयार करूया. वही मी ठेवीन. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी केल्या, ही एक बाबांच्या गाडीसाठी. तुमच्या दारात अशी एखादी गाडी उभी असेल, तर तिचंही साल आजच लिहून ठेवा.