कळपातील भयाचे मोजमाप

पाळीव पशूंचे वर्तन आणि कल्याण हा अध्ययनविषय बंदिस्त पशुपालनावरील टीकेतून जन्मला. १९६४ मध्ये रूथ हॅरिसन यांचे ‘अ‍ॅनिमल मशीन्स’ प्रसिद्ध झाले, त्यातून उसळलेल्या क्षोभामुळे ब्रिटिश सरकारला ब्रॅम्बेल समिती नेमावी लागली, आणि तिच्या १९६५ च्या अहवालातूनच पुढे ‘पाच स्वातंत्र्ये’ ही कसोटी आकाराला आली: भूक-तहान, गैरसोय, वेदना-रोग व भय यांपासून मुक्तता, आणि स्वाभाविक वर्तनाची मुभा. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घालताना हीच कसोटी वापरली, त्यामुळे शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्ताने का होईना, ती पूर्व विदर्भापर्यंत पोचली.

याच भागातील नागझिरा अभयारण्याच्या एका प्रवेशद्वाराला ज्याचे नाव आहे त्या चोरखमाऱ्यासारख्या गावात मात्र या कसोटीचा तोल उलटतो. पिंजऱ्यातील कोंबडीला दाणा मिळतो, पण पंख पसरता येत नाहीत. जंगलाच्या कडेला चरणाऱ्या गाईला हिंडण्याची, कळपात राहण्याची, सावली निवडण्याची पुरेपूर मुभा असते, परंतु भयापासून मुक्तता नसते. २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरी परिसरातील दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. वाघाने मारलेल्या जनावराचा पंचनामा होतो, भरपाईही मिळते. कळपातील जी जनावरे धावत परत येतात त्यांची नोंद कोणत्याही रकान्यात बसत नाही.

ही नोंद शक्य आहे. निरोगी गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते आणि दहा-बारा तास बसून राहते, त्यामुळे ठरावीक मिनिटांनी संपूर्ण कळपावर नजर फिरवून कोण चरते, कोण मान वर करून कान टवकारते हे टिपले की दचकलेला कळप आकड्यांत दिसू लागतो. केसांतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी स्रवणारे संप्रेरक, काही महिन्यांचा ताण सांगते. अरविंद शर्मा, क्लाइव्ह फिलिप्स व सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह सहा राज्यांतील ५४ गोशाळांच्या अभ्यासात ही पद्धत वापरली. मात्र गोशाळेच्या आवारातील गाय आणि गायक्यामागे, म्हणजे गुराख्यामागे, रानात जाणारी गाय यांचे ताण एकाच जातीचे असतील असे मानणे घाईचे ठरेल. धानाच्या चिखलणीत राबणाऱ्या बैलाचा ताण तर आणखी निराळा.

असा अभ्यास आयुष्यभराचे काम म्हणून पत्करणारा अभ्यासक नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठातून यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. केंब्रिजने पशुकल्याणाचे प्राध्यापकपद १९८६ मध्येच निर्माण केले. आपल्याकडे हा विषय बहुधा पशुधन व्यवस्थापनाच्या पोटात शिकवला जातो, जिथे साहजिकच दूध आणि वजन यांना अग्रक्रम असतो. ज्याला कळपाचा स्वभाव नावानिशी ठाऊक असतो त्या गायक्याला अशा संशोधनात वाटाड्या न मानता मानधन घेणारा निरीक्षक मानावे लागेल. निधीचा प्रश्न उरतोच, कारण वनखाते गाईला पशुसंवर्धनाचा विषय म्हणेल आणि पशुसंवर्धन खाते वाघाकडे बोट दाखवील.