पार्सल कधी येईल?

रमजानचा दुसरा आठवडा लागला की म्हसळा, श्रीवर्धनसारख्या गावांत घराघरांतून एकच चौकशी सुरू होते, "पार्सल आलं का?" मुलांचे कुर्ते, ओढण्या, अत्तर, सगळे आता मोबाइलवरून मागवले जाते. मुंबईतल्या नणंदेचे सामान दुसऱ्या दिवशी पोहोचते, मग आमचे आठ दिवसांनी का, असे भगिनी विचारतात. दर वेळी त्यात कुणाची लबाडी असते असे नाही. आपली वाटच लांब आहे.

भिवंडीच्या गोदामातून निघालेले पार्सल थेट आपल्या दारी येत नाही. मोठ्या केंद्रावर ते पिनकोडप्रमाणे वेगळे काढतात, मग महामार्गाने माणगावपर्यंत आणि तिथून आत वळून आपल्या गावी. लहान गावात गाडी बहुधा दिवसातून एकदाच येते. ती चुकली की एक दिवस गेला. पुढे दूरच्या वाडीवर एका पार्सलसाठी फेरी परवडत नाही, म्हणून चार-पाच साठेपर्यंत ते पडून राहते. पावसाळ्यात रस्ता बंद झाला तर आणखी खोळंबा.

यात आपल्या हातात काय आहे? पहिली गोष्ट पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेल्या या सहा आकड्यांतले शेवटचे तीन आकडे पत्र वाटणारे डाकघर सांगतात. एक आकडा चुकला तर पार्सल भलत्याच गावी जाते. आपल्याकडे घरांना नंबर नसतात, म्हणून पत्त्यात मोहल्ला, जवळची मशीद किंवा शाळा आणि दिवसा घरी असणाऱ्याचा फोन नंबर लिहावा. नोकरीसाठी परगावी असलेल्या मुलाचा नंबर दिला तर दाराशी आलेले पार्सलही परत जाते. जिथे कुरिअरवाले येत नाहीत, तिथे विक्रेत्याला टपालाने पाठवायला सांगावे. गावातले शाखा डाकघर काही तासच उघडे असते, ती वेळ माहीत करून घ्यावी.

ईदचे कपडे किमान तीन आठवडे आधी मागवा. माप चुकले तर बदलून यायला तितकाच वेळ लागतो, आणि चांदरातीला शिंप्याकडेही जागा नसते.

औषधांच्या बाबतीत मात्र पार्सलवर विसंबू नये. रक्तदाबाच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या उरल्या की पुढच्या मागवाव्यात. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. चार दिवस गाडीत तापलेली बाटली वरून चांगली दिसते, पण तिचा गुण कमी झालेला असू शकतो. अब्बांचे इन्सुलिन गावातल्या किंवा तालुक्याच्या ओळखीच्या दुकानातूनच आणा.

वाट पाहणाऱ्या माणसाला ठकवणेही सोपे असते. "पत्ता अपूर्ण आहे, लिंक उघडून पाच रुपये भरा," असा संदेश आला तर ती लिंक उघडू नका. ज्या अ‍ॅपवरून मागवले तिथेच पार्सल कुठे आहे ते पाहा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. विक्रेता दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

शेवटी दारात उभ्या असलेल्या मुलाविषयी. बऱ्याच ठिकाणी त्याला पोहोचवलेल्या पार्सलमागे पैसे मिळतात. रोख देण्याच्या बोलीवर मागवायचे आणि तो उन्हातून, कदाचित रोजा ठेवून, आल्यावर "आता नको" म्हणायचे, हे बरे नाही. सामान मागवणे हाही एक शब्दच आहे. नको असेल तर ते निघण्याआधी रद्द करा. हवे असेल तर पैसे मोजून तयार ठेवा. शेजारणीचे पार्सल आपल्याकडे ठेवून गेला तर ती अमानत समजून न उघडता त्याच संध्याकाळी तिच्या हाती द्या.