वाइनचा घोट आणि बागायतदाराचा वाटा

नाशिकजवळून जाणारा प्रवासी पाटी पाहून एखाद्या लहान वायनरीत सहज शिरतो, दोन-तीन घोट चाखतो आणि एक बाटली घेऊन निघतो. व्यवहार किरकोळ, त्यामागील अर्थकारण मात्र किरकोळ नाही. वितरक व दुकानदार यांचे कमिशन येथे वाचते. जाहिरातीची ऐपत नसलेल्या उत्पादकाला हा मोठाच आधार होय. परंतु या बचतीतून द्राक्ष बागायतदाराच्या पदरात काय पडते?

वाइनची द्राक्षे बारीक व बियांची. खाण्यासाठी ती बाजारात खपत नाहीत. वायनरीने पाठ फिरविली की बागायतदाराला दुसरे गिऱ्हाईक उरत नाही. राज्य शासनाच्या २००१ च्या धोरणातील उत्पादन शुल्काच्या सवलतींमुळे वायनऱ्या वाढल्या. पण २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी खालावताच अनेक शेतकऱ्यांवर बागा तोडण्याची पाळी आली.

जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधील वाइनविक्रीस अनुमती देण्याचे ठरविले, तेव्हा वाद माजला तो मुख्यतः मद्यपानाच्या बऱ्यावाइटाचा. तो अस्थानी नव्हता. तथापि, शेतकऱ्याचे नाव पुढे करून सवलती मागितल्या जात असतील, तर त्यांना लेखी करार व किमान दर यांची अट हवी. अन्यथा सवलत शेतकऱ्याच्या नावे आणि लाभ दुसऱ्याच्या खाती, असेच घडत राहील.